नवे नाक, जुने कातडे

१५ जुलै हा दिवस भारतात राष्ट्रीय प्लास्टिक सर्जरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी समाजमाध्यमांवर दोन चित्रे हमखास शेजारीशेजारी फिरतात. एकात शस्त्रक्रियेत मग्न असलेला सुश्रुत, तर दुसऱ्यात पागोटे घातलेला, नवे नाक लाभलेला अठराव्या शतकातला एक माणूस. सोबतचा मजकूर साधारण असा असतो : सुश्रुताने जे लिहून ठेवले तेच पुण्यात केले गेले आणि इंग्रजांनी ते उचलून नेले. यातले शेवटचे विधान बरेचसे खरे आहे. पहिले मात्र मूळ मजकूर वाचला की डळमळते, कारण या दोन शस्त्रक्रियांत कातडे एकाच ठिकाणाहून घेतलेले नाही. संहितेत ते गालावरून घेतले आहे, पुण्यात कपाळावरून.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. नासासंधानाचा इतिहास मुख्यतः ‘कोठून घ्यावे’ या प्रश्नाचाच इतिहास आहे. तुटलेल्या नाकाच्या जागी काय बसवायचे हे उघड असते. ते शरीराच्या कोणत्या भागातून उचलायचे, उचललेले जिवंत कसे ठेवायचे आणि जिथून उचलले तिथे रुग्णाने काय किंमत मोजायची, हे तीन प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावे लागले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाच्या पाळीच्या दुरुस्तीनंतर नाकाचा विधी येतो. तुटलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाच्या कडेचे मांस सोलून काढावे, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि दोन्हींची जोड लावावी. श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात. वर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण टाकावे, कापसाने झाकावे आणि तिळाचे तेल शिंपडत राहावे. वर्णन अवघ्या काही श्लोकांचे आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी आजच्या शल्यचिकित्सकालाही पटतील : मापासाठी आधी नमुना कापणे आणि जोडायच्या दोन्ही कडा रक्ताळलेल्या असणे. कपाळाचा उल्लेख मात्र तिथे नाही.

कपाळाची पद्धत नेमकी कधी रूढ झाली याचा माग संस्कृत वैद्यकग्रंथांपेक्षा प्रवाशांच्या लेखनात अधिक सापडतो. निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील विजापूरच्या लढायांविषयी लिहिताना, नाके कापलेल्या सैनिकांवर देशी शल्यकार भुवयांच्या वरचे कातडे कापून ते खाली नाकावर उतरवत, असे नोंदवले आहे. ‘नाक कापणे’ हा वाक्प्रचार मराठीत आज अब्रूपुरता उरला आहे. त्या काळी ती प्रत्यक्ष शिक्षा होती, युद्धातली आणि न्यायातलीही. जिथे नाके कापली जात, तिथेच ती घडवणारे हातही तयार झाले.

पुण्यातल्या त्या माणसाची हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात छापून आली. कावसजी हा इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा. नाव पारशी वाटते, पण मजकुरात तो मराठा शेतकरी असल्याचे म्हटले आहे. १७९२च्या म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया पाहण्यास हजर होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुढे कावसजीचे चित्र काढले. पेशवे दरबारातल्या थोरामोठ्यांची चित्रे काढणारा तो हाच वेल्स. रुग्णाचे नाव छापले गेले, साक्षीदारांची छापली गेली, चित्रकाराचेही माहीत आहे. ज्याच्या हाताने नाक घडले त्याचे नाव त्या मजकुरात नाही.

पद्धत मात्र विलक्षण नेमकेपणाने नोंदवलेली आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. तो काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतले कातडे सोडवायचे, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. थोट्यावरचा जुना व्रण तासून काढायचा, नाकपुड्यांच्या जागी आणि वरच्या ओठालगत खाच पाडायची. मग कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे, म्हणजे कातड्याची बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि त्याची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. हा विड्याच्या पानातलाच कात. तो तुरट असल्याने ऊती आक्रसून घट्ट करतो आणि वाळला की कडक होतो. चार दिवसांनी या पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापायची.

या सगळ्या कृतीचे मर्म त्या पट्टीत आहे. तिच्यामुळे रक्ताभिसरण चालू राहते, हे पत्रलेखकानेही लिहून ठेवले आहे. शल्यशास्त्रात या पट्टीला देठ म्हणता येईल, आणि देठासह हलवलेल्या ऊतीला फ्लॅप म्हणतात. नाकाच्या मुळाशी, भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक छोटी धमनी कपाळावर चढते. देठात ती आली तर कपाळाचे लांबलचक कातडे केवळ दीडेक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर जगू शकते. पुण्याच्या कारागिराला या धमनीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. देठ कोठे ठेवला की कातडे काळे पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. पंचवीस दिवसांचे गणितही असेच. नव्या जागी खालून केशवाहिन्या फुटून त्या कातड्याला पुरेसे रक्त देऊ लागायला दोन-तीन आठवडे लागतात. आजही कपाळाच्या फ्लॅपचा देठ साधारण तिसऱ्या आठवड्यानंतरच कापतात.

युरोपला कातड्यासाठी वेगळी जागा सापडली होती. पंधराव्या शतकात सिसिलीच्या ब्रांका घराण्याने आणि पुढे बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी याने दंडाचे कातडे वापरले. दंड काही कपाळासारखा नाकाशेजारी नसतो. त्यामुळे कातड्याचे एक टोक दंडाला, दुसरे नाकाला, आणि हात डोक्याशी पट्ट्यांनी जखडलेला, अशा अवस्थेत रुग्णाला सुमारे वीस दिवस काढावे लागत. तालियाकोत्सीचा ग्रंथ १५९७ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्याच्या नावातच कलम करण्याची उपमा आहे, बागेतल्यासारखीच. ही उपमा मराठी वाचकाला सहज पटेल, आणि तिथेच ती फसवते. हापूसची फांदी दुसऱ्याच आंब्याच्या रोपावर खुशाल जगते. माणसाचे कातडे दुसऱ्या माणसावर जगत नाही.

तालियाकोत्सीच्या मनात हा प्रश्न आलाच होता. रुग्णाचा स्वतःचा दंड कशाला, दुसऱ्याचा का नको? त्याचे उत्तर निम्मे व्यवहाराचे होते, दोन माणसांना इतके दिवस एकत्र बांधून ठेवणे अशक्यप्राय. उरलेले निम्मे पुढच्या काळातले वाटावे असे : प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे असे काही वेगळेपण असते आणि तेच या उद्योगाच्या आड येते. त्याच्या पश्चात युरोपात भलत्याच दंतकथा पसरल्या. ब्रुसेल्सच्या एका गृहस्थाने हमालाच्या दंडाचे नाक बसवून घेतले. वर्षभराने ते नाक अचानक थंड पडून गळाले, आणि चौकशी केली तर त्याच सुमारास तो हमाल मेला होता! फान हेल्मोंट या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने ही गोष्ट गंभीरपणे नोंदवली आहे. हसू येते खरे. पण दुसऱ्याचे नाक टिकत नाही, एवढा निष्कर्ष तिच्यात बरोबर आहे.

लंडनच्या मासिकातला तो मजकूर जोसेफ कार्प्यू याच्या मनात घर करून राहिला. त्याने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली, भूल अस्तित्वात येण्याच्या तीन दशके आधी, एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातड्याने नाक उभारले. १८१६मध्ये त्याने अशा दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ‘हिंदुस्थानी पद्धत’ हे नाव त्यानंतर युरोपात रुळले. १८१८मध्ये बर्लिनच्या ग्रेफने आपल्या पुस्तकात हिंदुस्थानी, इटालियन आणि स्वतःची जर्मन अशी पद्धतींची मांडणी केली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये आणखी एक हिंदुस्थानी कहाणी फिरत होती. ती सांगणारा आंरी द्युत्रोशे परासरणावरील कामामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. कहाणी अशी की, एकाच्या नितंबावर जुन्या चपलेने बडवून तो भाग सुजवला, तिथले कातडे समूळ कापून काढले आणि ते थेट नाकावर बसवले. ती अक्षरशः खरी मानण्याची गरज नाही. मात्र तिच्यामागची कल्पना, की काढण्याआधी त्या जागी रक्त खेळवावे, मूर्खपणाची नव्हती. मारबुर्गच्या ब्युंगरने देठाशिवाय, पूर्णपणे विलग केलेले मांडीचे कातडे नाकावर जगवल्याचे १८२३मध्ये प्रसिद्ध केले. देठविरहित ग्राफ्टच्या नोंदींतली ही फार जुनी नोंद.

देठ तोडलेला तुकडा जगतो कसा? पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणारा द्रव शोषून घेतो. ऑक्सिजन आणि ग्लुकोज केवळ विसरणाने त्याच्यात शिरतात. मग खालच्या आणि तुकड्यातल्या केशवाहिन्यांची तोंडे जुळू लागतात आणि आठवड्याच्या आत रक्त फिरू लागते. विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वाट चौपट लांबते. म्हणून पातळ कातडे सहज रुजते, तर कानाच्या पाळीतून त्वचेसकट काढलेला कूर्चेचा तुकडा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरहून मोठा असेल तर त्याचा मध्य मरण्याचा धोका असतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, निव्वळ कूर्चेत मुळात रक्तवाहिन्याच नसतात. तिच्या पेशी तुरळक आणि अल्पसंतुष्ट. विसरणावरच जगण्याची तिला सवय असते.

ही सवय पुढे फार उपयोगी पडली, कारण पुण्याच्या नाकात एक उणीव होती. ते केवळ बाहेरचे कातडे होते. आत आधाराला हाड-कूर्चा नव्हती आणि आतल्या बाजूला अस्तरही नव्हते. उघडी जखम भरताना आक्रसते. तसे हे नाकही महिनोन्महिने आतून आक्रसत जाई. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय शल्यचिकित्सकांना हे वारंवार अनुभवावे लागले. नाक म्हणजे बाहेरची त्वचा, मधला सांगाडा आणि आतले अस्तर असे तीन थर, आणि प्रत्येक थरासाठी शरीरात वेगळा पुरवठादार शोधायला हवा, ही समज हळूहळू आली. १९००च्या आसपास फोन मांगोल्टने बसक्या नाकासाठी बरगडीची कूर्चा वापरली. काहींना शरीर न कापता काम भागवायचे होते. त्यांनी वितळलेले पॅराफिन टोचून पाहिले, हस्तिदंत बसवून पाहिले. पॅराफिनच्या गाठी झाल्या, ते जागचे सरकले, कातडे फाडून बाहेर आले. स्वस्तातल्या या उपायांची किंमत रुग्णांनी पुढे चेहऱ्याने चुकवली.

पहिल्या महायुद्धाने नाकांचा तुटवडा पुन्हा निर्माण केला, या वेळी खंदकांत. इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात हॅरॉल्ड गिलीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो सैनिकांचे चेहरे दुरुस्त केले. गिलीजने बरगडीची कूर्चा आधी कपाळाच्या कातड्याखाली पुरून तिथे रुजू दिली आणि मग कातड्यासकट खाली उतरवली. एका गाजलेल्या रुग्णाचे असे नाक सुरुवातीला भलतेच मोठे दिसले. सूज ओसरायला आणि पुढच्या दुरुस्त्यांना वेळ द्यावा लागला. लांबून कातडे आणायचे तर फ्लॅपच्या कडा एकमेकींना शिवून त्याची नळी करायची, म्हणजे उघडा भाग राहत नाही आणि जंतुसंसर्ग टळतो, ही युक्तीही त्याने १९१७मध्ये वापरली. ओडेसाच्या फिलातोव्हला ती स्वतंत्रपणे, थोडी आधीच सुचली होती.

गिलीजचे आणखी एक निरीक्षण भारतासाठी मोलाचे ठरले. उपदंशाने बसलेल्या नाकात बाहेरचे कातडे शाबूत असते. नाहीसे झालेले असते ते आतले अस्तर. आतला आवळ सोडवून तिथे पातळ त्वचेचा ग्राफ्ट बसवला की बाहेरचे कातडे आपोआप वर उठते. कुष्ठरोगातही हेच घडते. त्याच्या जंतूंना शरीरातले थंड भाग मानवतात, आणि श्वासाने सतत थंड होणारे नाकाचे आतले अंग त्यांना विशेष सोयीचे. पडद्याची कूर्चा झिजते आणि नाक खचते. रोग बरा झाला तरी खचलेले नाक माणसाला गावाबाहेरच ठेवत असे. गिलीजच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशिर अंतिया यांनी भारतात परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम वाढवले. अशा रुग्णाच्या कपाळाला हातही न लावता नाक उठवता येणे ही साधी सोय नव्हती. आधीच चेहऱ्यावरून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणखी एक व्रण त्यामुळे वाचत असे.

‘स्वतःचेच का’ या जुन्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. ग्लासगोत टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावार यांनी भाजलेल्या एका स्त्रीवर तिच्या स्वतःच्या आणि तिच्या भावाच्या त्वचेचे लहान तुकडे लावले. तिचे स्वतःचे रुजले. भावाचे काही दिवस जगून नष्ट झाले, आणि भावाच्याच त्वचेचे तुकडे पुन्हा लावले तेव्हा ते अधिक वेगाने नष्ट झाले. दुसऱ्या खेपेचा हा वेग निर्णायक होता. शरीराने परक्याला ओळखले होते आणि ती ओळख लक्षात ठेवली होती. १९४३मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेडावारला बर्नेटसह १९६०चे नोबेल मिळाले; गिब्सन शल्यचिकित्सेतच राहिला आणि त्याने कूर्चेच्या एका हट्टी सवयीकडे लक्ष वळवले.

बरगडीच्या कूर्चेची सरळ पट्टी कोरून नाकात बसवावी आणि काही काळाने नाक वाकडे दिसावे, हा अनुभव जुना होता. डेव्हिससह गिब्सनने १९५८मध्ये त्यामागचे बलविज्ञान उलगडले. कूर्चेच्या गाभ्यातले ऋणभारित रेणू पाणी ओढून फुगू पाहतात; बाहेरचा कोलॅजनचा दाट थर त्यांना आवळून धरतो. गाभा दाबाखाली, कवच ताणाखाली, आणि अखंड कूर्चेत दोहोंचा तोल साधलेला. एका बाजूचे कवच कापले की उरलेल्या कवचाकडे पट्टी वळते. कांद्याच्या पातीचे उभे चिरलेले काप पाण्यात टाकले की साल आत ठेवून गुंडाळतात, तसेच हे. उपायही याच तर्कातून निघाला : पट्टी अशी कोरावी की तिच्या छेदात दोन्ही बाजूंचे ताण समतोल राहतील. नाकाच्या शस्त्रक्रियेत आजही हे तत्त्व शिकवले जाते.

बैलाची कूर्चा, मृतांच्या बरगड्या, सिलिकोन असे पर्याय वेळोवेळी आले आणि त्यातले काही अजून वापरात आहेत. बैलाची कूर्चा कालांतराने विरून जाई. सिलिकोनला जंतुसंसर्ग आणि कातड्यातून बाहेर येणे हे धोके राहिले. म्हणून मोठ्या पुनर्रचनेत रुग्णाच्या देहालाच पुन्हा हात घालावा लागतो. पण ते देणे फुकट नसते, आणि प्लास्टिक सर्जरीच्या कौतुकात हा भाग हमखास गाळला जातो. नाकाच्या पडद्यातली कूर्चा सरळ आणि हाताशी, पण वरून व पुढून सुमारे सेंटिमीटरभर पट्टी राखली नाही तर उरलेले नाकच बसते. कानातली मिळते ती वक्र आणि मऊ. बरगडी भरपूर देते, पण छातीवर व्रण, काही दिवस श्वासागणिक दुखणे आणि क्वचित फुप्फुसाचे आवरण फाटण्याचा धोका. उतारवयात तर ती चुन्याने कडक झालेली असते. कपाळावरची जखम मोठी असेल तर तिचा वरचा भाग पुरता मिटवता येत नाही, तो तसाच भरू द्यावा लागतो.

हे देणे कमी करण्याचा एक प्रयत्न स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे झाला. त्वचेच्या कर्करोगामुळे नाकपुडीचा भाग गमावलेल्या पाच रुग्णांच्या पडद्यातून कूर्चेचा अगदी लहान नमुना घेण्यात आला. त्यातल्या पेशी रुग्णाच्याच रक्तद्रवाच्या साहाय्याने वाढवल्या, कोलॅजनच्या पटलावर पेरल्या आणि काही आठवड्यांत नवी कूर्चा तयार झाली. २०१४मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. बरगडी कापावी लागली नाही, कानही नाही. मात्र प्रयोगशाळेत वाढलेल्या त्या कूर्चेवर पांघरलेली त्वचा काही रुग्णांत गाल आणि नाकामधल्या घडीपासून वळवलेली होती, तर काहींत कपाळावरून, भुवईजवळ देठ राखून खाली आणलेली.